खेळातील आभासी ‘शेल’ : अनेक हातांनी घडणारी कमांड लाइन

काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या खुणेपुढे आज्ञा टंकित करायची आणि उत्तराची ओळ उमटण्याची वाट पाहायची, ही पद्धत चित्रमय पडदा आणि माऊस यांच्या आगमनानंतर सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या नजरेआड झाली. ती नाहीशी मात्र झालेली नाही. महाजालाचा भार वाहणारे सर्व्हर, संशोधन संस्थांमधील महासंगणक आणि सॉफ्टवेअर निर्मितीची कार्यालये येथील दैनंदिन काम आजही मोठ्या प्रमाणावर कमांड लाइनवरूनच चालते. गेल्या काही दशकांत या पडद्याला आणखी एक निवासस्थान लाभले आहे, ते म्हणजे संगणकीय खेळ.

खेळातील हा पडदा खऱ्यासारखा दिसत असला, तरी त्यामागे खरी संगणक प्रणाली असेलच असे नाही. बहुतेक वेळा ती खेळाडूची आज्ञा वाचून, तिचा अर्थ लावून, एका काल्पनिक संगणकाचे काल्पनिक उत्तर देणारी आज्ञावली असते. तिलाच आभासी शेल म्हणता येईल. असा शेल मुक्तस्रोत पद्धतीने, म्हणजेच परस्परांना कधीही न भेटलेल्या अनेकांच्या सहकार्यातून घडवला जातो, तेव्हा तंत्राइतकेच महत्त्व कामाच्या वाटणीला, परवान्याला आणि परस्परविश्वासाला प्राप्त होते.

शेल म्हणजे काय?

संगणक प्रणालीच्या मध्यभागी असलेला गाभा स्मृती, चकती आणि प्रक्रियक यांचे नियमन करतो. या गाभ्याभोवतीचे कवच म्हणजे शेल. वापरकर्ता कवचाशी बोलतो आणि कवच त्याचे म्हणणे आतपर्यंत पोहोचवते. ‘शेल’ ही संज्ञा फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझाँ यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास, मल्टिक्स या प्रणालीच्या आखणीच्या काळात योजली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी १९७१ मध्ये युनिक्सचा पहिला शेल लिहिला. एका आज्ञेचे उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेकडे सोपवणारी ‘पाइप’ ही सोय डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेतून १९७३ मध्ये आली. त्यानंतर १९७९ मध्ये स्टीव्ह बोर्न यांचा शेल आणि १९८९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या जीएनयू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ प्रकाशित झाला. शेलने कसे वागावे, याचे नियम १९९२ मध्ये पॉझिक्स या मानकात समाविष्ट करण्यात आले.

हा इतिहास आभासी शेल बनवणाऱ्यांना उपयोगी पडतो. ज्याची नक्कल करायची, त्याचे वर्तन लिखित स्वरूपात उपलब्ध असल्याने दोन सहकाऱ्यांत मतभेद झाल्यास मानकाचा आधार घेता येतो.

तीन मार्ग

खेळात कमांड लाइन आणण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे खेळाडूला खराच शेल देणे. फ्रान्समधील साव्हॉय माँ ब्लाँ विद्यापीठात तयार झालेला ‘गेमशेल’ हा मुक्तस्रोत खेळ या प्रकारचा आहे. त्यात किल्ला, बुरूज आणि तळघर हे संगणकावरील खरेखुरे फोल्डर असतात आणि बुरुजावर चढायचे झाल्यास खेळाडूला ‘सीडी’ ही खरी आज्ञाच द्यावी लागते.

दुसरा मार्ग संपूर्ण यंत्राच्या अनुकरणाचा. फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी २०११ मध्ये ब्राउझरच्या आत एक पूर्ण संगणक उभा करून त्यावर लिनक्स चालवून दाखवले. येथे शेल खरा असतो, यंत्र मात्र आभासी.

तिसरा मार्ग आभासी शेलचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तयार झालेला ‘टर्मिनस’ हा खेळ त्याचे उत्तम उदाहरण होय. त्यात प्रत्येक फोल्डर हे एक स्थळ असते. ‘एलएस’ या आज्ञेने खेळाडू आजूबाजूला पाहतो, ‘सीडी’ने पुढच्या स्थळी जातो आणि ‘लेस’ने समोरच्या व्यक्तीशी वा वस्तूशी संवाद साधतो. येथे ना खरा शेल आहे, ना खरी चकती. मात्र बोटांना लागणारे वळण खरे असते.

पहिल्या मार्गात शिक्षण सर्वांत अस्सल मिळते, पण खेळाडूकडे योग्य प्रणाली असावी लागते. दुसऱ्यात संगणकावर मोठा भार येतो आणि कथेवर लेखकाचे नियंत्रण राहत नाही. तिसऱ्या मार्गाने मोबाइलच्या ब्राउझरवरही खेळ चालू शकतो आणि प्रत्येक उत्तर लेखकाच्या हाती राहते. मात्र शेलचा प्रत्येक गुण कोणीतरी स्वतः लिहावा लागतो. सहकार्याची गरज येथेच निर्माण होते.

गुहेपासून सुरुवात

आज्ञा टंकित करून खेळण्याची परंपरा जवळपास पन्नास वर्षांची आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेची पाहणी करणारे प्रोग्रामर विल क्राउदर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. एक-दोन शब्दांच्या आज्ञा देत खेळाडूने गुहेत हिंडायचे, अशी त्याची रचना होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वूड्स यांच्या पाहण्यात तो आला, तेव्हा त्यांना त्यात भर घालावीशी वाटली. मूळ लेखकाचा पत्ता ठाऊक नसल्याने त्यांनी त्या वेळच्या अर्पानेट या जाळ्यावरील सर्व संगणकांवर ‘क्राउदर’ या नावाने संदेश धाडले, अनुमती मिळवली आणि १९७७ मध्ये विस्तारित खेळ प्रसिद्ध केला.

मुक्तस्रोत हा शब्द १९९८ मध्ये रूढ होण्याच्या दोन दशके आधी घडलेली ही घटना आहे. दुसऱ्याच्या आज्ञावलीत भर घालण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी, हा संकेत तिच्यात स्पष्ट दिसतो. २०१७ मध्ये एरिक रेमंड यांनी दोन्ही लेखकांच्या संमतीने हाच खेळ आधुनिक स्वरूपात आणि मुक्त परवान्याखाली पुन्हा उपलब्ध केला.

पुढे ब्रिटनमधील इंट्रोव्हर्जन सॉफ्टवेअरने २००१ मध्ये ‘अपलिंक’ आणला, तर २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘हॅकनेट’ने युनिक्ससारख्या आज्ञांवरच कथा उभी केली. हे दोन्ही खेळ व्यापारी आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये स्टीम या मंचावर विनामूल्य आलेल्या ‘बिटबर्नर’ची मूळ आज्ञावली मात्र सर्वांना वाचता येते आणि तिच्या घडणीत अनेक स्वयंसेवकांचा वाटा आहे.

आत काय घडते?

आभासी शेलमध्ये खेळाडूची ओळ चार टप्प्यांतून जाते. प्रथम तिचे शब्दांत तुकडे होतात. हे काम वाटते तितके सोपे नाही. खेळाडूने ‘कॅट "गुप्त पत्र"’ असे लिहिल्यास अवतरणचिन्हांतील दोन शब्द मिळून एकच नाव होते, याचे भान आज्ञावलीला ठेवावे लागते. दुसऱ्या टप्प्यात पाइपसारखी चिन्हे ओळखून ओळीची रचना ठरते. तिसऱ्यात पहिल्या शब्दाशी जुळणारी आज्ञा शोधली जाते आणि चौथ्यात ती आज्ञा काल्पनिक चकतीवर आपले काम करते. ही चकती म्हणजे स्मृतीत ठेवलेले एक झाड असते. त्याच्या फांद्या म्हणजे फोल्डर आणि पाने म्हणजे फाइल.

या रचनेतील एक निर्णय सहकार्याच्या दृष्टीने कळीचा ठरतो. प्रत्येक आज्ञेने आपले उत्तर थेट पडद्यावर लिहायचे, की शेलच्या स्वाधीन करायचे? सुरुवातीला पहिली पद्धत सोयीची वाटते. परंतु खेळाडूने ‘कॅट नोंदवही | ग्रेप कुलूप’ अशी आज्ञा दिली, म्हणजेच नोंदवहीतील केवळ कुलूप हा शब्द असलेल्या ओळी मागितल्या, की तिचा दोष उघड होतो. ‘कॅट’ने सारी नोंदवही पडद्यावर ओतलेली असते आणि ‘ग्रेप’च्या हाती काहीच लागत नाही. प्रत्येक आज्ञा शब्द स्वीकारते, मजकूर परत देते आणि काम साधले की नाही हे सांगणारा एक अंक कळवते, असा करार आरंभीच ठरल्यास वीस जणांनी लिहिलेल्या वीस आज्ञा एकत्र नांदू शकतात. खऱ्या युनिक्समध्ये हा अंक शून्य असल्यास काम यशस्वी मानले जाते.

कामाची वाटणी

असा करार झाल्यावर कामे सुटी करता येतात. एकाने शब्दांचे तुकडे पाडणारा भाग पाहावा, दुसऱ्याने चकतीचा, तिसऱ्याने पडद्याचा आणि इतरांनी एकेक आज्ञा लिहावी. कथा लिहिणाऱ्याला आज्ञावलीचे ज्ञान असण्याचीही गरज राहत नाही. काल्पनिक फाइलींतील मजकूर वेगळा ठेवला, तर तो साध्या लेखनाप्रमाणे तपासता येतो.

या कामांची सांगड बहुधा ‘गिट’ घालते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यासाठी तयार केलेली ही व्यवस्था प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. नवा सहकारी मूळ भांडाराची प्रत घेतो, स्वतंत्र शाखेवर बदल करतो आणि तो स्वीकारण्याची विनंती पाठवतो. जुने सहकारी बदल वाचतात, शंका विचारतात आणि मगच तो मुख्य शाखेत मिसळतात.

आभासी शेलची जमेची बाजू अशी, की तो तपासणे सोपे असते. ठरावीक चकती आणि ठरावीक आज्ञा दिल्यास ठरावीक उत्तर यायलाच हवे. अशा शेकडो चाचण्या लिहून ठेवल्यास प्रत्येक नव्या बदलानंतर त्या आपोआप चालवता येतात. नवख्या व्यक्तीने चुकून काही बिघडवले, तर ते माणसाच्या आधी यंत्र सांगते, आणि चूक दाखवून देण्यातील अवघडलेपणही त्यामुळे कमी होते.

कितपत हुबेहूब?

सर्वाधिक मतभेद तंत्रावरून नव्हे, तर हेतूवरून होतात. खेळाडूने चुकून किल्लीची फाइल पुसली, तर काय व्हावे? कथा अडून राहू नये म्हणून फाइल परत आणावी, असे कथालेखक म्हणेल. खऱ्या शेलमधील ‘आरएम’ ही पुसण्याची आज्ञा कचरापेटी ठेवत नाही आणि पुसलेली फाइल परत देत नाही, हे अनुभवी प्रशासक निदर्शनास आणील. दोघांचेही म्हणणे रास्त आहे.

प्रश्न केवळ रंजनाचा असता, तर पहिल्या मताला सहज मान्यता मिळाली असती. परंतु असे खेळ खेळून अनेक जण खऱ्या कमांड लाइनकडे वळतात. खेळातील क्षमाशील ‘आरएम’ची सवय जडलेली व्यक्ती उद्या एखाद्या रुग्णालयाच्या वा बँकेच्या सर्व्हरसमोर बसू शकते. म्हणून अनेकदा मधला मार्ग श्रेयस्कर ठरतो. पुसलेली फाइल पुसलेलीच राहावी, मात्र खेळाने आधीच्या टप्प्याची नोंद जपून तेथे परतण्याची मुभा द्यावी. त्यामुळे शेलही खोटे बोलत नाही आणि खेळाडूही अडकत नाही.

याच न्यायाने, जी आज्ञा अद्याप लिहिलेली नाही, तिच्याविषयी ‘अशी आज्ञा अस्तित्वात नाही’ असे न सांगता ‘या खेळात ती उपलब्ध नाही’ असे सांगणे अधिक प्रामाणिक होय.

सुरक्षेची सीमारेषा

आभासी शेल लिहिताना एक मोह टाळावा लागतो. एखादी आज्ञा लिहिण्याचा कंटाळा आला, की खेळाडूची ओळ गुपचूप खऱ्या शेलकडे पाठवण्याचा विचार मनात येतो. खेळ एखाद्या सर्व्हरवर चालत असेल, तर हा आडमार्ग म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देण्यासारखे आहे. १९८७ पासून सामूहिकरीत्या विकसित होत असलेल्या ‘नेटहॅक’ या खेळात उद्गारचिन्हाची कळ दाबून खऱ्या शेलमध्ये जाण्याची सोय आहे. स्वतःच्या संगणकावर ती उपयुक्त असली, तरी सार्वजनिक सर्व्हरवर खेळ उभारताना ती बंद ठेवली जाते.

मजकूर आणि आज्ञा यांतील सीमा पुसट झाल्यास काय होते, हे सप्टेंबर २०१४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. ‘शेलशॉक’ या नावाने ओळखला जाणारा बॅशमधील दोष तेव्हा उघडकीस आला. केवळ माहिती म्हणून आलेल्या मजकुराच्या शेपटाला जोडलेली आज्ञा बॅश निमूटपणे पार पाडत असे. हा दोष सुमारे पंचवीस वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता.

उलट, आभासी शेलचा भ्रम हीच संरक्षणाची ढाल ठरल्याचेही उदाहरण आहे. ‘काउरी’ ही मुक्तस्रोत आज्ञावली घुसखोराला खोटा शेल आणि खोटी चकती दाखवते आणि त्याच्या प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवते. तिच्या नावाचा इंग्रजी शब्द आपल्या कवडीशी नाते सांगणारा आहे, हा योगायोग मराठी वाचकांना रोचक वाटेल.

परवाना आणि श्रेय

आज्ञावली सर्वांना वाचता येणे आणि ती मुक्तस्रोत असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बिटबर्नरची आज्ञावली खुली असली, तरी तिच्या परवान्याला विक्रीवर बंधन घालणारे ‘कॉमन्स क्लॉज’ जोडलेले आहे. मुक्तस्रोताच्या प्रचलित व्याख्येत असे बंधन बसत नाही. सहभागी होऊ इच्छिणाऱ्याने परवाना प्रथम वाचावा, तो यासाठीच.

शेलची नक्कल करताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. बॅशसारखे वागणारी आज्ञावली स्वतः लिहिणे आणि बॅशची आज्ञावली उचलणे, यांत मोठे अंतर आहे. बॅश जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यातील भाग वापरून खेळ वितरित केल्यास त्या परवान्याच्या अटी खेळालाही लागू होतात. आज्ञांच्या माहितीपुस्तिकांतील मजकुरालाही लेखनहक्क असतो. आपण दिलेले योगदान देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी लेखी ग्वाही प्रत्येक बदलासोबत देण्याची पद्धत लिनक्सच्या गाभ्यासाठी २००४ मध्ये सुरू झाली. लहान प्रकल्पांनीही तिचे अनुकरण करणे हितावह आहे.

देवनागरीची कसोटी

असा खेळ मराठीत आणायचा झाल्यास नवेच प्रश्न उभे राहतात. टर्मिनलचा पडदा समान रुंदीच्या चौकटींचा बनलेला असतो आणि एका चौकटीत एक अक्षर, हे त्याचे मूळ गृहीतक आहे. ‘श्री’ हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर असले, तरी युनिकोडमध्ये ते श, हलन्त, र आणि दीर्घ ई असे चार संकेत आहेत. अक्षरे एकेक करून उमटवण्याचा परिणाम अशा खेळांत लोकप्रिय आहे. तो देवनागरीत जसाच्या तसा वापरल्यास पडद्यावर आधी ‘श’, मग ‘श्’, मग ‘श्र’ आणि शेवटी ‘श्री’ उमटते. हीच अडचण मागे खोडताना, रकाने जुळवताना आणि ओळ तोडतानाही येते. त्यावर उपाय आहे, तो म्हणजे संकेत न मोजता वाचकाला दिसणारे अक्षरसमूह मोजणे. परंतु ही दुरुस्ती करण्यासाठी ती गरज जाणणारा कोणीतरी प्रकल्पात असावा लागतो.

आज्ञांचे भाषांतर करावे का, हा त्यापुढचा प्रश्न. ‘एलएस’ऐवजी ‘पाहा’ आणि ‘सीडी’ऐवजी ‘जा’ अशा आज्ञा निव्वळ कथाप्रधान खेळात शोभून दिसतील. शिक्षण हा हेतू असल्यास मात्र मूळ आज्ञा कायम ठेवून सूचना, त्रुटींचे संदेश आणि कथा यांचे भाषांतर करणे योग्य. खुद्द बॅशही याच पद्धतीने संदेश अनुवादित करतो आणि आज्ञा तशाच ठेवतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि बॅशचे पाठ मराठीसह विविध भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत. त्यांतील परिभाषा अशा अनुवादकांना आधारभूत ठरू शकते.

सांभाळणारे हात

मुक्तस्रोत प्रकल्प सुरू करण्यापेक्षा तो चालू ठेवणे अवघड असते. नेटहॅकची ३.४.३ ही आवृत्ती २००३ मध्ये आली आणि पुढची ३.६.० ही २०१५ मध्ये. मधल्या बारा वर्षांत खेळ जिवंत राहिला, तो चाहत्यांनी खुल्या आज्ञावलीवरून तयार केलेल्या आवृत्त्या आणि दुरुस्त्यांमुळे. परवाना खुला नसता, तर हे शक्य झाले नसते.

दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या आज्ञावलीत हेतुपुरस्सर दडवलेले चोरदार आढळले. एकट्याने भार वाहणाऱ्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त योगदान देऊन संपादन करणाऱ्या एका टोपणनावधारी सहकाऱ्याचे ते कृत्य होते. आंद्रेस फ्रॉइंट या प्रोग्रामरला एसएसएचद्वारे संगणकात प्रवेश करण्यास किंचित अधिक वेळ लागत असल्याचे जाणवले आणि त्यातून त्यांनी हा प्रकार शोधून काढला.

खेळातील आभासी शेल इतका संवेदनशील नसतो. पण बोध तोच आहे. बदल मिसळण्याचा अधिकार किमान दोघांकडे असावा, प्रत्येक बदल लेखकाखेरीज दुसऱ्याने वाचावा आणि थकलेल्या सांभाळकर्त्याला संकोच न बाळगता बाजूला होता यावे. या सवयी रुग्णालयाचे वा बँकेचे सॉफ्टवेअर हाताळताना शिकण्यापेक्षा, चूक झाल्यास फारतर एखादी काल्पनिक फाइल हरवते, अशा ठिकाणी शिकणे स्वस्त पडते. अनेक विद्यार्थ्यांसाठी असा लहानसा खेळ हाच मोठ्या प्रकल्पांकडे नेणारा पहिला दरवाजा ठरू शकतो, आणि त्यात प्रवेश करण्यासाठी एखाद्या आज्ञेच्या वर्तनातील चूक नीट शब्दांत मांडून कळवणे एवढी सुरुवातही पुरेशी असते.